पाय-होल: घरच्या नेटचा वॉचमन, नऊ महिन्यांनंतर

मार्चमध्ये पाय-होल, म्हणजे घरभरच्या जाहिराती अडवणारं सॉफ्टवेअर, बसवला होता, आता नऊ महिने झाले म्हणून लिहायला बसलोय. पहिल्याच आठवड्यात लिहिलं असतं तर नुसती आरती ओवाळली असती, कारण पहिला आठवडाभर माणूस दुसरं काही करतच नाही, त्याचा डॅशबोर्ड (आकडे आणि सेटिंग्ज दाखवणारं पान) उघडून किती ब्लॉक झालं ते बघत बसतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. आपण कुठलीही साईट उघडली की मोबाईल आधी डीएनएसला, म्हणजे नेटच्या फोनबुकाला, विचारतो, बाबा रे या नावाचा पत्ता काय. पाय-होल या विचारणेच्या मधे बसतो. नाव जाहिरातवाल्याचं किंवा ट्रॅकरवाल्याचं (आपण नेटवर काय करतो त्यावर पाळत ठेवणाऱ्याचं) निघालं आणि त्याच्या यादीत सापडलं की तो सरळ ०.०.०.० असा पत्ता हातात ठेवतो, म्हणजे रिक्षावाल्याला नसलेल्या गल्लीत पाठवायचं तसं. ब्राउझरमधल्या ॲडब्लॉकरपेक्षा फायदा हा की टीव्ही, टॅबलेट, मोबाईलमधली ॲप्स, सगळ्यांना एकदम लागू, कुणाच्या फोनमध्ये काही टाकायला लागत नाही. सॉफ्टवेअर फुकट आणि ओपन सोर्स.

मशीन म्हणून रास्पबेरी पाय ४, म्हणजे तळहातावर मावेल एवढा छोटा कॉम्प्युटर, घेतला, ४ जीबीवाला, सेकंडहँड. खरं तर नुसत्या पाय-होलला एवढा लागत नाही, ५१२ एमबी रॅमच्या त्याच्या धाकट्या भावावर, पाय झीरो २ डब्ल्यूवर, पण मस्त चालतो. पण तेव्हा डोक्यात पुढचे मनोरे होते, फोटोंचा बॅकअप करू, पिक्चरचा सर्व्हर करू वगैरे. त्यातलं आजपर्यंत काहीही केलेलं नाही. वीज ४-५ वॅट खातो, म्हणजे चोवीस तास चालू ठेवून महिन्याला साधारण साडेतीन युनिट, बिलात कळतसुद्धा नाही.

आता पहिली चूक, माझीच. चार्जर. ड्रॉवरमध्ये जुन्या मोबाईलचा चार्जर पडला होता तो लावला, आणि दोन दिवसांत लॉगमध्ये (मशीनच्या नोंदवहीत) अंडर-व्होल्टेजच्या, म्हणजे वीज कमी पडतेय अशा, ओळी सुरू. पाय ४ ला ५.१ व्होल्ट ३ ॲम्पियरचा ॲडॉप्टर लागतो तो यासाठीच, तिथे पैसे वाचवू नका. दुसरी चूक एसडी कार्डाची. आमच्याकडे गुरुवारी लाईट जाते आणि इन्व्हर्टरवर फक्त पंखे आणि ट्यूबलाईट आहेत, राउटरचं पॉइंट नाही. म्हणजे दर गुरुवारी पायचा गळा दाबल्यासारखा पॉवर जायचा आणि त्याच क्षणी तो कार्डावर लॉग लिहीत असणार. जूनमध्ये एका गुरुवारी लाईट आली, राउटर आला, पाय काही आला नाही. कार्ड करप्ट. बॅकअप घेतला होता का? नाही घेतला. (पाय-होलमध्ये टेलिपोर्टर नावाचं बटण आहे, सगळी सेटिंग्ज एका फाईलमध्ये उतरवून देतं, ते एक मिनिटाचं काम आहे आणि मी केलं नव्हतं.) त्यानंतर राउटरवाला छोटा यूपीएस घेतला, ५ व्होल्टचं आउटपुट असलेला, आणि कार्ड काढून यूएसबीला जुनी एसएसडी डिस्क लावली. तेव्हापासून ठणठणीत.

त्या जूनच्या दिवसाबद्दल थोडं सांगायलाच हवं. अख्ख्या घराचं डीएनएस एका डबीवर टाकलं की ती डबी मेली की घरासाठी नेटच मेलं. वायफायचे दांडे पूर्ण दिसतात पण काहीच उघडत नाही. मी ऑफिसमध्ये, आणि आईचा फोन, "अरे हे तुझं काळं खोकं उपटून टाकू का मी?" मग लोक सांगतात की दुसरा डीएनएस म्हणून ८.८.८.८ (गुगलचा डीएनएस) टाकून ठेव, म्हणजे एक बंद पडला तर दुसरा. मी पण टाकला. आणि जाहिराती परत आल्या! कारण मोबाईल-लॅपटॉप दुसऱ्या नंबरचा डीएनएस राखीव म्हणून ठेवतातच असं नाही, वाटेल तेव्हा त्याला विचारतात. दुसरा टाकायचाच तर तो पण पाय-होलच हवा. अजून एक, ज्याने माझा अख्खा रविवार खाल्ला, ते म्हणजे आयपीव्ही६, नेटवरच्या पत्त्यांची नवी पद्धत, जी जुन्या आयपीव्ही४ च्या जोडीने चालू असते. मी आयपीव्ही४ चा डीएनएस बदलून खुशीत बसलो आणि राउटर आयपीव्ही६ वरून आपलाच डीएनएस वाटत बसला होता. निम्मं घर मागच्या दाराने बाहेर जात होतं आणि मी पुढच्या दारात काठी घेऊन उभा. नेटवर्कवाली मंडळी चेष्टेत म्हणतात ना की बिघाड कुठलाही असो शेवटी डीएनएसच निघतो, ते चेष्टेत नाही म्हणत.

यूट्यूबच्या जाहिराती जातात का? नाही जात. हा प्रश्न मला आतापर्यंत सोसायटीतल्या चार जणांनी विचारलाय. व्हिडिओ आणि जाहिरात दोन्ही त्याच डोमेनवरून, म्हणजे त्याच नावाच्या पत्त्यावरून, येतात, जाहिरात अडवली की व्हिडिओ पण अडतो, डीएनएसला त्यात फरक करता येत नाही. इन्स्टाग्राम-फेसबुकमधल्या पण जात नाहीत, तेच कारण. मोबाईल डेटावर गेलात की अर्थातच काही नाही. मग जातं काय? बातम्यांच्या साईट्स. बाबा सकाळी चहाबरोबर टॅबलेटवर तीन-चार पेपर वाचतात, आधी एक बातमी वाचायला चार पॉपअप बंद करावे लागायचे, आता पान शांत. बाबांना पाय-होल म्हणजे काय ते आजही माहीत नाही पण "हल्ली पेपर सुधारलेत" असं ते म्हणतात, मी पण काही बोलत नाही.

आईचं वेगळं. गुगलवर काही शोधलं की सगळ्यात वरच्या लिंकवर टॅप करायची सवय, आणि वरच्या लिंका बहुतेक वेळा प्रायोजित असतात, त्या पाय-होल उघडूच देत नाही. तिच्या दृष्टीने नेट बिघडलंय. दोन आठवडे "खाली स्क्रोल कर, खालची दाब" हे समजावण्यात गेले. शेवटी डॅशबोर्डमध्ये पाच मिनिटांसाठी बंद करायची सोय आहे, त्याचा शॉर्टकट तिच्या फोनवर करून दिला. साडी बघायच्या वेळी ती स्वतः बंद करते.

आणि आता ती गोष्ट जी मला कुठल्याच रिव्ह्यूत वाचायला मिळाली नव्हती. क्वेरी लॉग. डीफॉल्टला घरातल्या प्रत्येक उपकरणाने कधी कुठलं नाव विचारलं ते सगळं तिथे ओळीने दिसतं. सुरुवातीला मजा वाटली, टीव्ही रात्री तीन वाजता कुणाकुणाशी गप्पा मारतो ते बघून तर मी सगळ्यांना बोलावून दाखवलं. तेव्हाच बायकोने स्क्रीनवर स्वतःच्या फोनचं नाव बघितलं.

"म्हणजे मी काय बघते ते तुला दिसतं?"

मी म्हटलं, पूर्ण नाही, फक्त साईटचं नाव, पान नाही दिसत. हे तांत्रिकदृष्ट्या एकदम बरोबर उत्तर होतं आणि देऊ नये असं उत्तर होतं. कारण फक्त नावावरून पण भरपूर कळतं. कोण रात्री दोनला जागं आहे, कोण नोकरीच्या साईटवर फिरतंय, कुणी कुठल्या आजाराबद्दल शोधलं. आणि खरं सांगायचं तर मला त्यातल्या एक-दोन गोष्टी तोपर्यंत कळलेल्या होत्या, मुद्दाम बघितल्या नव्हत्या, पण लॉग चाळताना डोळ्यांपुढून गेल्या होत्या. बाहेरच्या कंपन्यांनी पाळत ठेवू नये म्हणून मी हा वॉचमन आणला आणि त्याची वही मीच रोज रात्री वाचत बसलो होतो.

सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी लेव्हल आहे, ० ते ३. शून्यावर सगळं दिसतं, १ वर साईटची नावं लपतात, २ वर उपकरणं पण, ३ वर नुसते एकूण आकडे उरतात. त्याच रात्री ३ वर नेली आणि जुना लॉग पुसून टाकला. तोटा आहे, एखादी साईट नक्की कुठल्या डोमेनमुळे अडकली ते शोधायला मग लॉग नसतो, तात्पुरती लेव्हल खाली आणावी लागते. घरात चार माणसं असतील तर माझं ऐका, पहिल्या दिवशीच सगळ्यांना सांगून टाका की असं असं दिसतं, नंतर कळलं तर जड जातं.

नऊ महिन्यांत पंधरा-वीस टक्के विचारणा ब्लॉक होतायत, पाय-होलसोबत आपोआप येणारी स्टीव्हन ब्लॅकची डीफॉल्ट ब्लॉक यादी तेवढीच ठेवलीय. मधे हौसेने दहा याद्या घातल्या होत्या, निम्मी ॲप्स लंगडायला लागली, काढल्या.

ॲडमिनचा पासवर्ड आता बायकोकडे असतो, तिनेच बदलला. परवा एका सरकारी फॉर्मची साईट अर्धवट उघडत होती म्हणून लेव्हल खाली करायची होती तर मी लॅपटॉप तिच्यापुढे नेऊन ठेवला. "तिकडे बघ," म्हणाली, आणि टाईप केला.