फोर्क बदलण्याऐवजी सर्व्हिस करून घेतला: आठ महिन्यांच्या वापरानंतर

पुण्याच्या टेकड्यांवर माउंटन बाइक चालवणाऱ्याचा फोर्क (पुढचे चाक धरणारा, धक्के शोषणारा चिमटा) उन्हाळ्यात मुरमाची बारीक धूळ खातो आणि पावसाळ्यात तीच धूळ चिखलाच्या रूपाने सीलच्या आत ओढून घेतो. माझा फोर्क 100 मिलिमीटर ट्रॅव्हलचा (म्हणजे तेवढा दबणारा), 32 मिलिमीटर स्टँचनचा (वरच्या, आत-बाहेर सरकणाऱ्या नळ्यांचा) आणि एअर स्प्रिंगचा (हवेच्या दाबावर चालणारा) असून किमतीने मधल्या वर्गातला आहे. काही वर्षांच्या वापरानंतर वेताळ टेकडीच्या दगडाळ उतारावर तो लहान खडे मुळीच गिळेना, हवा भरूनही खाली बसलेला राहू लागला आणि लॉकआउट (फोर्क दबू न देणारी कळ) नावापुरता उरला. दुकानात सरळ नवा फोर्क घेण्याचा सल्ला मिळाला. मी तो न मानता गेल्या मे महिन्यात दुसऱ्या मेकॅनिककडून पूर्ण सर्व्हिसिंग करून घेतले. त्यानंतरच्या पावसाळ्याचा आणि हिवाळ्याचा हा अनुभव आहे.

फोर्क कितीही वाईट चालत असला, तरी निर्णय त्या त्रासावरून घेऊ नये, असे माझे मत आहे. सीलचे घर्षण, झिरपणारी हवा, निकामी झालेले तेल, एवढेच काय, बिघडलेले डॅम्पर कार्ट्रिजसुद्धा (फोर्कची उसळी आवरणारा भाग), ही सारी दुखणी सुटे भाग बदलून बरी होतात. स्टँचन, बुशिंग (स्टँचन ज्यांत सरकतो ती आतली अस्तरे) आणि क्राउन (दोन्ही स्टँचन वर जोडणारा भाग) यांचे तसे सहज होत नाही.

स्टँचन पुसून कोरडा करावा, उन्हात धरावा आणि त्यावरून अंगठ्याचे नख वरून खाली हळूहळू फिरवावे. नख अडत नसेल, तर दिसणारी रेघ बहुधा वरवरची असते. नख अडत असेल आणि ती जागा सीलच्या मार्गात येत असेल, तर नवे सीलही तिथून तेल सोडणार आणि धूळ आत घेणार. ॲल्युमिनियमच्या स्टँचनवरील ॲनोडायझिंगचा कठीण थर उडून खालचा पांढुरका धातू उघडा पडला असेल, तर त्या फोर्कच्या सर्व्हिसिंगवर पैसे घालू नयेत. माझ्या डाव्या स्टँचनच्या मागच्या बाजूला बोटभर लांबीचा फिकट पट्टा होता, पण नख कुठेच अडले नाही. माझा निम्मा निर्णय तिथेच झाला.

बुशिंग तपासताना मात्र घाई करून चालत नाही. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवली की कुठूनतरी टकटक येते आणि ती हेडसेटची (हँडल ज्यावर फिरते त्या बेअरिंगची), ब्रेक पॅडची की बुशिंगची, हे कळत नाही. त्यासाठी हँडल नव्वद अंशांत वळवावे, स्टँचन जिथे लोअरमध्ये (खालच्या जाड नळीत) शिरतो तिथे दोन बोटे ठेवावीत आणि मग सायकल हलवावी. ढिलाई बोटांना तिथेच जाणवली, तर दोष बुशिंगचा. बुशिंग बदलता येतात, पण त्यासाठी खास अवजारे लागतात आणि ती आपल्याकडच्या मोजक्याच मेकॅनिककडे असतात. क्राउनची गोष्ट याहून कठीण आहे. स्टँचन आणि स्टीअरर (फोर्कची हँडलपर्यंत जाणारी नळी) क्राउनमध्ये दाबून बसवलेले असतात; तो जोड करकरू लागला, तर तो संपूर्ण वरचा भागच बदलावा लागतो आणि त्याची किंमत नव्या फोर्कच्या जवळ जाते.

माझा फोर्क उघडला तेव्हा सीलखालच्या फोमच्या कड्या कोरड्या ठणठणीत होत्या आणि बुशिंगवर काजळासारखा काळा लेप बसला होता. लोअरमध्ये प्रत्येक बाजूला जेमतेम पाच-दहा मिलिलिटर तेल असते आणि त्या कड्या ओल्या राखणे हे त्याचे एक मुख्य काम. ते संपले की बाहेर काहीही गळताना दिसत नाही, पण आत धूळ स्टँचन घासत राहते. म्हणूनच फोर्क बनवणाऱ्या कंपन्यांपैकी रॉकशॉक्स दर 50 तासांच्या वापरानंतर लोअरची सर्व्हिस सांगते, तर फॉक्स 125 तासांनी किंवा वर्षातून एकदा पूर्ण सर्व्हिस सांगते. पुण्याच्या पावसाळ्यात मी 50 तासांचा आकडा पाळतो. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याचे नळकांडे तर मी सीलजवळ येऊच देत नाही.

सील, फोमच्या कड्या, एअर स्प्रिंगचे ओ-रिंग, तेल आणि मजुरी मिळून नव्या फोर्कच्या किमतीच्या सुमारे पाचव्या हिश्श्यात काम झाले. शिवाय नव्या फोर्कचा खर्च त्याच्या किमतीवर थांबत नाही. माझ्या पुढच्या चाकाचा हब 9 मिलिमीटरच्या क्विक रिलीजचा (हाताने उघडणाऱ्या बारीक ॲक्सलचा) आहे. आजचे बहुतेक चांगले फोर्क 15 मिलिमीटरच्या थ्रू ॲक्सलचे (आरपार जाणाऱ्या जाड दांडीचे) आणि अनेकदा 110 मिलिमीटर रुंद हबसाठीचे येतात, म्हणजे हब किंवा अख्खे चाक बदलणे आले. फ्रेमची हेड ट्यूब (स्टीअरर जिच्यात बसतो ती पुढची नळी) सरळ स्टीअररची असेल, तर टेपर्ड म्हणजे खाली जाड होणारा स्टीअरर तिच्यात जाणार नाही. हौसेने 100 ऐवजी 120 मिलिमीटरचा फोर्क लावला, तर हेड अँगल (हेड ट्यूबचा जमिनीशी असलेला कोन) साधारण एका अंशाने कमी होतो आणि चढावर पुढचे चाक भरकटू लागते.

आता आठ महिन्यांनंतरची स्थिती. सॅग (सायकलवर बसताच फोर्क जेवढा दबतो तो) 20 मिलिमीटरवर ठेवला आहे आणि हवा आठवडेच्या आठवडे टिकते. स्टँचनवरची रबरी कडी मोठ्या उतारानंतर तळापासून वर जवळजवळ टोकापर्यंत सरकलेली दिसते, म्हणजे पूर्ण ट्रॅव्हल वापरला जातो. पूर्वी ती निम्म्यावर अडकत असे. पावसाळ्यानंतर लोअर घरीच उघडले, तेव्हा तेल गढूळ होते, पण कड्या ओल्या होत्या. लॉकआउट अजूनही पूर्ण पकडत नाही. कार्ट्रिज बदलले असते, तर खर्च बराच वाढला असता आणि सिंहगडाच्या डांबरी घाटावर तेवढ्यापुरते थोडे हिंदकळणे मला चालते. तो फिकट पट्टा वाढलेला नाही. नख अडू लागले की मी फोर्क बदलेन.

घरातल्या दुसऱ्या सायकलीबाबत मी उलट निर्णय घेतला. भाच्याच्या सायकलीला स्वस्त कॉइल (धातूच्या स्प्रिंगचा) फोर्क होता, अडीच किलोच्या आसपासचा, लोखंडी स्टँचनवर गंज चढलेला, बुशिंग खुळखुळणारे. तो कॉलेजला जाण्यापलीकडे सायकल नेत नाही. त्याच्यासाठी सस्पेन्शन नसलेला साधा स्टीलचा फोर्क घेतला, मात्र ॲक्सलपासून क्राउनपर्यंतची लांबी जुन्या फोर्कच्या मापाची पाहून. आखूड फोर्क लागला असता, तर सायकल पुढे झुकली असती.