चार आवाजांसाठी कोणतं घ्यावं: 'नोबडी' की 'मिस्टर ॲम्बिग्युअस'?

चौघींच्या गटासाठी सोल संगीताचा, म्हणजे अमेरिकी कृष्णवर्णीयांच्या भावपूर्ण गायकीचा बाज असलेलं, ठसक्यात म्हणायचं कोरियन पॉप गाणं शोधायला बसलं की ही दोन नावं हमखास समोर येतात. वंडर गर्ल्स या कोरियन मुलींच्या गटाचं 'नोबडी' २००८ चं, तर मामामू या चौघींच्या गटाचं 'मिस्टर ॲम्बिग्युअस' २०१४ चं, त्यांचं पदार्पणाचंच गाणं. आमच्या गटाची गाणी मी बसवतो, त्यामुळे दोन्ही तालमीत घोळवून पाहिली.

'नोबडी'चा मान मोठा, यात वाद नाही. गाण्याचे संगीतकार पार्क जिन-यंग यांनी साठच्या दशकातल्या मोटाउन या अमेरिकी संगीत कंपनीच्या गाण्यांचा सगळा थाट त्यात आणला, चमचमत्या झग्यांसकट. २००९ मध्ये त्याची इंग्रजी आवृत्ती बिलबोर्ड हॉट १०० या अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ७६ व्या क्रमांकावर आली. त्या यादीत पोचलेलं कोरियन गटाचं ते पहिलंच गाणं. चालही अशी की कोरियनचं अक्षर न कळणारा माणूससुद्धा दुसऱ्या धृपदाला सोबत गाऊ लागतो. मला वाटतं, नाच हाच मुख्य हेतू असेल तर पुढचं वाचायची फारशी गरज नाही.

माझं घोडं अडलं ते टाळ्यांवर. धृपदात ओळ संपली की दोन टाळ्या येतात, आणि त्या वाजवल्याशिवाय श्रोत्यांना राहवत नाही. सभागृहात मागच्या रांगांच्या टाळ्या हमखास उशिरा पोचतात. मुली ट्रॅक (मागे वाजणारं ध्वनिमुद्रित संगीत) सोडून त्या टाळ्यांच्या मागे जातात आणि पुढची ओळ डळमळीत सुरू होते. मॉनिटरचा (गाणाऱ्यांकडे तोंड केलेल्या स्पीकरचा) आवाज वाढवला, मुलींना पायाने ठेका धरायला सांगितलं, तरी थोडं सरकतंच. त्यात धृपद सगळ्यांनी एकाच सुरावटीत म्हणायचं, म्हणजे खालच्या आवाजाच्या मुलीला स्वतःचं असं काही उरत नाही. हे मला शेवटपर्यंत खटकत राहिलं. चांगल्या व्यवस्थेच्या सभागृहात कदाचित इतका त्रास होणारही नाही.

'मिस्टर ॲम्बिग्युअस' त्या मानाने कमी लोकांच्या ओठांवर आहे, पण ते गाणाऱ्यांसाठीच बेतलेलं आहे. मामामूतल्या ह्वासाचा खर्जाकडे झुकणारा, किंचित घोगरा आवाज, सोलारची वरची तान, व्हीइनचा मऊ सूर आणि मूनब्यलचा रॅप: चौघींना चार वेगळी कामं. शिवाय सूर एकमेकांवर चढवायला भरपूर जागा.

भावही निराळा. 'नोबडी'तली मुलगी आपल्याला दूर लोटणाऱ्याची मनधरणी करते. इथे मुलगी धरसोड करणाऱ्याला सरळ विचारते, तुझं काय ते स्पष्ट सांग. आमच्या मुलींच्या तोंडी हे दुसरं जास्त शोभलं. पहिल्या गाण्यातल्या ओळी त्या भीतभीत म्हणायच्या, इथल्या तोऱ्याच्या ओळी मात्र मान वर करून म्हणू लागल्या.

अवघड आहे, हे मात्र खरं. रॅपचे कोरियन उच्चार जिभेवर बसायला वेळ लागतो, म्हणून रॅपचं काम एकीलाच द्या आणि तिला पहिल्या दिवसापासून फक्त तेच घोकू द्या. वरचे सूर ताणले जात असतील तर ट्रॅकची पट्टी सुरुवातीलाच उतरवून घ्या. पाठ झाल्यावर पट्टी बदलली की खालच्या आवाजाची पंचाईत होते.