एटीसीसीच्या प्रायमरी कॉर्नियल एपिथेलियल सेल्स, सहा महिने वापरल्यानंतर

कॉर्नियावर, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर, काम सुरू करणाऱ्या दोघीतिघींनी या सेल्सबद्दल विचारलं म्हणून सविस्तर लिहितेय. आम्ही घेतल्या त्या एटीसीसी या पेशी पुरवणाऱ्या अमेरिकन संस्थेच्या, कॅटलॉग नंबर पीसीएस-७००-०१०, म्हणजे माणसाच्या कॉर्नियाच्या सगळ्यात वरच्या थराच्या पेशी, थेट डोनरच्या डोळ्यातून काढलेल्या (म्हणून प्रायमरी), फ्रोझन, एका व्हायलमध्ये, म्हणजे छोट्या कुपीत, किमान ५ लाख. हा थर जाडीला जेमतेम ५० मायक्रॉन, पाच ते सात पेशींची चळत, आणि आठ-दहा दिवसांत अख्खा नवा होतो. मला याचं वेड लागलं ते बाबांमुळे. मी बारावीत असताना उसाची पात त्यांच्या डोळ्याला चाटून गेली, डॉक्टर म्हणाले वरवरचं खरचटलंय, आणि तीन दिवसांत खरंच भरून आलं. इतकी नाजूक गोष्ट इतक्या पटकन कशी भरते हे तेव्हापासून डोक्यात आहे.

आता सेल्सबद्दल. व्हायल ३७ डिग्रीच्या वॉटर बाथमध्ये धरायची, बर्फाचा अगदी बारीक खडा उरला की लगेच बाहेर, आणि थेट गरम मीडियममध्ये, म्हणजे पेशी वाढवायच्या द्रावणात. दुसऱ्या दिवशी मायक्रोस्कोपखाली बघितलं तर छोटी छोटी बेटं दिसतात, आतल्या पेशी मधमाशीच्या पोळ्यासारख्या एकमेकींना खेटून, कडा चकचकीत. ते बघून मला खरंच भरून आलं, कारण कोणाच्या तरी घरच्यांनी दुःखात असताना नेत्रदानाला हो म्हटलं म्हणून हे माझ्या डिशमध्ये आहे.

पण एक सांगते, कॅल्शियम सांभाळा! या पेशींना कमी कॅल्शियमचं, सीरम (रक्तातला पेशी काढून उरलेला द्रव) नसलेलं मीडियम लागतं. आमच्या एका ज्युनियरने घाईत डीएमईएम हे नेहमीचं साधं मीडियम घातलं, त्यात १.८ मिलिमोलर कॅल्शियम असतं, दोन दिवसांत सगळ्या पेशी घावनासारख्या पसरट झाल्या आणि वाढच थांबली, ती बॅच गेली ती गेलीच. ट्रिप्सिन (पेशी डिशपासून सोडवणारं एन्झाइम) न्यूट्रल करायला सीरम वापरलंत तर ते नीट काढून टाका, तिथूनही कॅल्शियम येतं. डिश गच्च भरू देऊ नका, ७०-८० टक्के भरली की पासेज करा, म्हणजे पेशी काढून नव्या डिशमध्ये पसरा.

स्वस्तात हवं तर एचसीई-टी सेल लाइन आहे, जपानमध्ये १९९५ साली एसव्ही४० व्हायरसचं जीन घालून बनवलेली, कितीही पासेज करा चालते. नुसती टॉक्सिसिटी, म्हणजे एखादा पदार्थ पेशींना किती घातक आहे ते, बघायची असेल तर मी तीच सुचवेन. पण जखम कशी भरते हे बघायचं असेल तर सतत वाढतच राहणाऱ्या पेशींवर माझा विश्वास बसत नाही, तिथे प्रायमरीच हव्यात. आम्ही पिपेटच्या पिवळ्या टिपने डिशमधल्या पेशींवर सरळ रेघ मारली, म्हणजे जखमच केली, आणि दर दोन तासांनी फोटो घेतले, कडेच्या पेशी आधी चपट्या होतात, पाय पसरल्यासारख्या पुढे सरकतात, मागच्या त्यांच्या पाठोपाठ, आणि दुसऱ्या दिवशी रेघ गायब. बाबांना फोनवर तो व्हिडिओ पाठवला तर म्हणाले, असं झालं होतं होय माझ्या डोळ्यात.

तक्रार फक्त डिलिव्हरीची. आमच्याकडे माल आणून देणाऱ्या एजन्सीने पहिलं पार्सल शनिवार-रविवार गोडाऊनमध्येच ठेवलं, उघडलं तर ड्राय आइस संपलेला, ट्रिपॅन ब्लू या रंगात जवळपास सगळ्याच पेशी निळ्या, म्हणजे मेलेल्या. महिनाभर भांडल्यावर दुसरी व्हायल मिळाली. म्हणून ऑर्डर सोमवार-मंगळवारीच पोचेल असं लेखी घ्या, बॉक्स उघडतानाच फोटो काढा. आणि बेसल मीडियम आणि ग्रोथ किट वेगवेगळं मागवावं लागतं, व्हायल यायच्या आधी दोन्ही हातात असू द्या, नाहीतर व्हायल नायट्रोजनच्या टाकीत आणि तुम्ही वाट बघत बसाल.