इंडियन कानून: पॅरालीगल शिकणाऱ्याला कितपत पुरतं?

तालुका विधी सेवा समितीच्या शिबिरात एक प्रश्न हमखास येतो. "वडील २००५च्या आधीच वारले, मग बहिणीला वडिलोपार्जित जमिनीत हिस्सा आहे का?" पॅरालीगलचा, म्हणजे कायद्याच्या कामातल्या मदतनिसाचा, अभ्यास करणाऱ्या प्रत्येकाने या प्रश्नाचं उत्तर न्यायालयांचे निकाल शोधून देणाऱ्या इंडियन कानून या संकेतस्थळावर स्वतः शोधून बघावं. या एका शोधात त्याचं बळ दिसतं आणि ते कुठे थांबतं तेही कळतं. मी स्वतः विधी स्वयंसेवक आहे आणि नव्याने येणाऱ्या मुलामुलींना पहिला धडा म्हणून हाच देते.

शोध घेतला की प्रकाश विरुद्ध फुलवती हा २०१५चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल हाती लागतो. हिंदू उत्तराधिकार कायद्यात मुलीला मुलासारखाच हक्क देणारी दुरुस्ती लागू झाली त्या ९ सप्टेंबर २००५ला बाप आणि लेक दोघंही हयात हवेत, असं त्यात म्हटलं आहे. वाचणारी इथेच थांबली, तर समोरच्या बाईला "तुमचा हक्क नाही" सांगून मोकळी होईल, आणि ते साफ चुकीचं असेल. ११ ऑगस्ट २०२०ला विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने फुलवतीतलं मत मोडीत काढलं. मुलगी जन्मानेच सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीतली हिस्सेदार, आहे, वडील त्या तारखेला जिवंत असायची गरज नाही. २० डिसेंबर २००४च्या आधी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र उकरून काढता येत नाहीत.

फुलवतीच्या पानावर, माथ्यावर, "हे आता चालत नाही" असा शिक्का तुम्हाला दिसणार नाही. ते तुम्हीच शोधायचं. त्याची सोय मात्र तिथेच आहे: निकालाच्या वरच्या बाजूला दोन आकडे असतात. या निकालात किती निकालांचा आधार घेतलाय तो एक, आणि पुढे किती निकालांनी याचा उल्लेख केलाय तो दुसरा. दुसरा आकडा दाबायचा, यादी ताज्या तारखेपासून लावायची आणि आधी सर्वोच्च न्यायालयाचे निकाल बघायचे. हा आकडा न दाबता कुणी निकाल वहीत उतरवला, तर मी तो ग्राह्य धरत नाही.

हे सगळं फुकट का आहे, हे विद्यार्थ्याला माहीत असावं. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे न्यायालयाचा निकाल छापणं हे उल्लंघन नाही. डिसेंबर २००७मध्ये ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मूळ मजकूर सगळ्यांचा, पण प्रकाशकाने स्वतःच्या बुद्धीने घातलेली भर त्याची, असा भेद केला. त्यानंतर लगेच, जानेवारी २००८मध्ये, सुशांत सिन्हा या संगणकशास्त्रज्ञाने इंडियन कानून सुरू केलं. म्हणून तिथे महागड्या रिपोर्टरमधली, म्हणजे छापील निकालसंग्रहातली, हेडनोट (निकालाच्या सुरुवातीला संपादकाने दिलेला सारांश) नसते. निकाल वाचावाच लागतो, आणि शिकणाऱ्यासाठी मला हे चांगलंच वाटतं.

परिच्छेदांना वस्तुस्थिती, मुद्दे, पक्षकारांचं म्हणणं, न्यायालयाचा विचार अशा रंगीत खुणा असतात. लांबलचक निकालात वाट सापडायला त्या उपयोगी पडतात. पण ती वर्गवारी यंत्राने केलेली आहे. वकिलाचा युक्तिवाद न्यायालयाचं मत समजून टिपणात उतरवला, तर सगळं टिपण वाया जातं. खूण बघा, मग परिच्छेदाचं पहिलं वाक्य वाचून कोण बोलतंय ते ठरवा.

१ जुलै २०२४पासून नवे फौजदारी कायदे आले आणि कलमांच्या आकड्यांवरून शोधणाऱ्यांची पंचाईत झाली. जुन्या दंड प्रक्रिया संहितेत ४८२ म्हणजे उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन, आणि अंगभूत अधिकार गेले ५२८ला. नुसतं "४८२" टाकलं तर दोन्हींची खिचडी समोर येते. प्रगत शोधाच्या पानावर न्यायालय आणि तारखा भरायच्या, कायद्याचं नाव पूर्ण लिहायचं. पोटगीचं कलम १२५ आता १४४ झालंय, पण त्यावरचे बहुतेक मोठे निकाल जुन्याच आकड्याखाली आहेत, तेव्हा दोन्ही शोधावे लागतात. कलमाचा आजचा मजकूर मात्र सरकारच्या इंडिया कोड या कायद्यांच्या संकेतस्थळावरून घ्यावा.

सर्वोच्च न्यायालयापुरतं बोलायचं तर २०२३पासून ई-एससीआर, म्हणजे त्या न्यायालयाचा स्वतःचा ऑनलाइन निकालसंग्रह, हा भक्कम जोडीदार मिळालाय. १९५०पासूनचे अधिकृत रिपोर्ट्स, हेडनोटसह, पैसे न देता. काही निकालांचं मराठी भाषांतरही आहे. ते पक्षकाराला समजावून सांगायला वापरावं, कारण अधिकृत पाठ इंग्रजीच धरला जातो. माझी पद्धत अशी: शोध कानूनवर, पडताळा ई-एससीआरवर. आपल्या दाव्याची पुढची तारीख, निशाणी ५च्या (तात्पुरत्या मनाईच्या) अर्जावर काय हुकूम झाला, यासाठी ई-कोर्ट्स हे न्यायालयांचं संकेतस्थळ. तिथे १६ अक्षर-अंकांचा सीएनआर, म्हणजे प्रकरणाचा ओळख क्रमांक, टाकला की काम होतं. आणि कोर्टात दाखल करायला प्रमाणित नक्कलच लागते, कानूनची छापील प्रत तिची जागा घेत नाही.

एससीसी ऑनलाइन किंवा मनुपात्र या पैसे भरून वापरायच्या निकालसंग्रहांची वर्गणी अभ्यासक्रमाच्या काळात घरच्यांकडून मागू नका. कॉलेजच्या किंवा वकील संघाच्या ग्रंथालयात असेल तर तिथे बसून वापरा. नागपूरहून निघणारा एआयआर (ऑल इंडिया रिपोर्टर) हा छापील निकालसंग्रहसुद्धा अशा कपाटांत सापडतो, आणि छापील हेडनोट वाचायची सवय त्यातून छान लागते.

कानूनची एक उणीव आमच्यासारख्यांना जास्त जाणवते. अशील मराठीत बोलतो, निकाल इंग्रजीत असतात. तरी मुंबई उच्च न्यायालयाच्या जमिनीच्या निकालांत हक्कसोड, वहिवाट, फेरफार हे शब्द रोमन लिपीत जसेच्या तसे येतात. वहिवाट कुणी "व्ही"ने लिहितो, कुणी "डब्ल्यू"ने. हक्कसोड कुठे एक शब्द, कुठे दोन. सगळी रूपं टाकून बघितली की औरंगाबाद आणि नागपूर खंडपीठांचे असे निकाल निघतात, जे इंग्रजी कायदेशीर शब्दांनी शोधणाऱ्याच्या नजरेतून सहज सुटतात.