नऊ महिने, ३३ कपडे आणि न वाळणारी कमरपट्टी

परवा सकाळी नेव्ही ब्लू पँट दोरीवरून काढली, घातली आणि दहा मिनिटांत परत दोरीवर टाकली. पाय कोरडे ठणठणीत, पण कमरपट्टी आणि खिशांची अस्तरं ओलीच. दुसरी पँट धुण्यात, तिसरी इस्त्रीला. तीन महिन्यांपूर्वी कुणी विचारलं असतं तर मी कॅप्सूल वॉर्डरोबचं, म्हणजे एकमेकांवर जुळणारे मोजकेच कपडे आलटूनपालटून घालण्याचं, भरभरून कौतुक केलं असतं. आज जे लिहितोय ते त्या ओल्या पट्टीमुळे.

नऊ महिने मी असे ३३ कपडे वापरतोय. ३३ हा आकडा प्रोजेक्ट ३३३ नावाच्या आव्हानातला, तीन महिने फक्त ३३ वस्तू घालायच्या. चपला-बूट मी त्यात धरले, अंतर्वस्त्रं धरली नाहीत. पण कॅप्सूलची मूळ कल्पना रुजवली कपड्यांचं दुकान चालवणाऱ्या सूझी फॉ यांनी, १९७० च्या दशकातल्या लंडनमध्ये. फॅशन डिझायनर डोना कॅरन यांचे एकमेकांवर जुळणारे गाजलेले सात कपडे १९८५ साली न्यूयॉर्कमध्ये आले. दोन्ही शहरं थंडीची. म्हणून आजही कॅप्सूलच्या बहुतेक याद्यांत लांब ट्रेंच कोट असतो आणि जाड डेनिम असते. दमट शहरातल्या माणसाने त्या यादीतून काय घ्यायचं? कुठल्या पँटवर कुठला शर्ट जातो हे सगळे सांगतात. तो शर्ट किती तासांत वाळतो, हे मला एकाही यादीत सापडलं नाही.

आणि सगळं गणित तिथेच आहे. तीन पँट, आठ शर्ट, म्हणजे कागदावर २४ जोड्या. पावसाळी हवेत माझी पँट एक दिवस अंगावर, दोन दिवस दोरीवर आणि एक दिवस इस्त्रीला. म्हणजे रोज एक हवी असेल तर किमान चार पाहिजेत. माझ्याकडे तीन होत्या. शर्ट घामाने भिजतो, तो दुसऱ्या दिवशी घालता येत नाही. थंड, कोरड्या हवेतला माणूस तोच शर्ट दोनदा सहज घालतो, म्हणून त्याला कमी कपडे पुरतात. आपला आकडा आपल्या दोरीवर ठरतो.

कमरपट्टीबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण इतके दिवस तिनेच छळलंय. तिथे कापड दुहेरी, आत बकरम म्हणजे ताठपणासाठी घातलेलं कडक कापड, वर पट्ट्याच्या लुपी शिवलेल्या, शेजारी खिशांच्या पिशव्या. पायाचं एकेरी कापड वाळतं तेव्हा ही जागा नुसती कोमट लागते, आणि आतली ओल हाताला कळत नाही. मी आता पट्टी गालाला लावून बघतो. गार लागली की आत पाणी आहे. तशीच घडी करून ठेवली तर दोन दिवसांत कुबट वास धरते आणि पुन्हा धुवावी लागते. पँट उलटी करायची, खिसे बाहेर ओढायचे, पट्टी वर ठेवून टांगायची आणि समोर पंखा लावायचा, याने बराच फरक पडला. रात्रभर बाहेर ठेवणं मात्र बंद केलं. रात्री हवा गार झाली की सापेक्ष आर्द्रता वाढते आणि वाळलेलं कापडही पुन्हा ओलसर होतं.

कापडाबद्दल माझं मत मध्येच फिरलं. सुरुवातीला पॉलिस्टरचं नाव काढलं तरी मी नाक मुरडायचो. पण सुती कापड स्वतःच्या वजनाच्या साधारण आठ टक्के इतकी हवेतली ओल धरून ठेवतं, लिनन बारा, व्हिस्कोस (लाकडाच्या लगद्यापासून केलेलं रेयॉन) तेरा; पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही. ६५ टक्के पॉलिस्टर आणि ३५ टक्के सुती अशी एक पँट नाइलाजाने घेतली होती. नऊ महिन्यांत सर्वांत जास्त तीच घातली गेली. शर्टाला मात्र हा नियम लावू नका. पॉलिस्टर घामाचा तेलकटपणा धरून ठेवतं आणि काखेतला वास धुऊनही जात नाही. शर्ट पातळ सुतीच हवेत.

व्हिस्कोसवर मात्र माझा राग आहे. काय मऊ पँट होती! चौथ्या महिन्यात धुऊन पिळताना मांडीजवळ टर्रकन फाटली. सुती धागा ओला झाला की उलट बळकट होतो. व्हिस्कोसची ताकद ओलं असताना जवळपास निम्म्यावर येते. लेबलवर पिळू नये असं कुठेही नव्हतं. तरी दुकानदाराने ‘तुम्ही पिळलीत’ म्हणून हात वर केले. दोन चकरा, तासभर वाद, हाती काही नाही.

रंगांचं थोडक्यात सांगतो. बेज, करडा, काळा हे यादीतले रंग मी डोळे मिटून घेतले. बेजवर पहिल्याच पावसात मागून पोटरीपर्यंत चिखल उडाला. शिवाय माझ्या शहरात माणसं रंग घालतात. समारंभात मी ऑफिसमधून थेट आल्यासारखा दिसायचो. आठवडाभर सकाळच्या गर्दीचे कपडे नीट बघितले असते तर हे आधीच कळलं असतं. एक गोष्ट अगदी बरोबर निघाली, ती म्हणजे पातळ सुती जॅकेट. ते ऑफिसच्या खुर्चीवरच असतं. बाहेर घामाच्या धारा आणि आत एसीचा गारठा, त्यावर दुसरा उपाय मला सापडलेला नाही.

आता पाच पँट आहेत आणि सहा शर्ट. बेज पँट भावाला दिली. नेव्ही ब्लू पँट काल शिंप्याकडे टाकली. आतलं बकरम काढून पट्टीला आतून पातळ कापड लावून द्यायचं ठरलंय. शनिवारी मिळेल, रविवारी धुवायला काढेन.