सोलापुरात मिळणारा शेवाळ अर्क: बाटलीत नेमकं कोणतं शेवाळ?

डाळिंबाची पानगळ सुरू झाली की सोलापूरच्या कृषी केंद्रांत ‘सी-वीड’च्या (समुद्री शेवाळाच्या अर्काच्या) बाटल्या पुढच्या फळीवर येतात. चित्र बहुतेकदा केल्पचं (मोठ्या तपकिरी समुद्री शेवाळाचं), आतला माल मात्र तीन वेगळ्या शेवाळांपैकी कोणताही. म्हणून बाटली फिरवून आधी शास्त्रीय नाव वाचा. २०२१ पासून हे अर्क खत नियंत्रण आदेशात जैव-उत्तेजक (पिकाच्या वाढीला चालना देणारे) म्हणून धरले जातात. नाव आणि प्रमाण छापलेलं नसेल तर बाटली परत ठेवा.

काळे चमकदार पापुद्रे विकतात ते ॲस्कोफायलमचे. हे उत्तर अटलांटिकच्या भरती-ओहोटीच्या खडकांवर वाढतं, केल्प नव्हे. पोटॅशयुक्त अल्कलीत शिजवून काढल्यामुळे पालाश बराच मिळतो आणि सामू (pH) चढा असतो. वाहतुकीला सोपं, पण पुडी उघडी राहिली तर तासाभरात गोळा होतो. कप्पाफायकसचा द्रव अर्क तमिळनाडूच्या किनाऱ्यावर तराफ्यांवर लावलेल्या लाल शेवाळाचा. स्वस्त आणि देशी. पाणी तापलं की याच्या फांद्या पांढऱ्या पडून तुटतात, म्हणून उन्हाळ्यानंतर पुरवठा डळमळतो.

तिन्हींत खरा केल्प म्हणजे एक्लोनिया मॅक्सिमा, दक्षिण आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा. महाग आहे, तरी नव्या मुळ्या फोडायच्या असतील तर आमची पसंती यालाच, कारण यात ऑक्झिनचा (मुळ्या फोडणाऱ्या संप्रेरकाचा) वाटा सायटोकायनिनपेक्षा (फुटवे आणणाऱ्या संप्रेरकापेक्षा) जास्त असतो. तिथे बेंग्वेलाचा थंड प्रवाह तळाचं नायट्रेट वर आणतो, त्यावर हे केल्पचं जंगल उभं आहे. कोमट पाण्यात नायट्रेट कमी, मग केल्प उपाशी. अमेरिकेत उत्तर कॅलिफोर्नियात नेमकं तेच झालं, त्यात केल्प चरणाऱ्या प्राण्यांची भर पडली. २०१३ पासून रोगाने सूर्यफूल तारामासे मेले, २०१४ ते २०१६ समुद्र तापलेला राहिला आणि जांभळ्या अर्चिनांना (केल्प खाणाऱ्या काटेरी समुद्री प्राण्यांना) खाणारं कुणी उरलं नाही. एरवी हे काटेरी गोळे कपारीत बसून वाहून आलेली पानं खातात. ती आटली की बाहेर येऊन थेट बुडखा कुरतडतात. तिथल्या बुल केल्प या जातीचं ९० टक्क्यांहून जास्त आच्छादन गेलं. उपाशी अर्चिन वर्षानुवर्षं जगतात, म्हणून पाणी थंड झालं तरी जंगल लगेच परतत नाही. मध्य कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरेकडे अर्चिन खाणारी समुद्री ऊदमांजरं आहेत, तिथे काही पट्टे टिकले.

केल्प टिकण्या-न टिकण्यात कापणीचाही हात असतो. एक्लोनियाची वाढ पात्याच्या बुडाशी होते. सगळा शेंडा बुडासकट छाटला तर झाड मेलं. दुय्यम पाती बुडापासून २०-३० सेंमी ठेवून कापली तर लसूणघासासारखी पुन्हा फुटतात. विक्रेत्याला हे विचारा. उत्तर देता येणारी कंपनी कच्च्या मालाकडे लक्ष देते असं समजा.

वापर: ताण तोडून पहिलं पाणी दिल्यावर पालवी फुटताना एक फवारणी, कळी निघताना दुसरी, फळ सेटिंगनंतर तिसरी. द्रवाचं प्रमाण लेबलप्रमाणे, साधारण २ ते ३ मिली प्रति लिटर. सकाळी किंवा ४ नंतर. हे खत नाही. नत्र-स्फुरद नगण्य असतं, आणि तेल्यावर (डाळिंबाच्या जिवाणूजन्य करप्यावर) तर हा उपाय नव्हेच.

सर्वांत जास्त घोळ टाकीत होतो. इथलं बोअरचं पाणी जड. त्यात कॅल्शियम नायट्रेट टाकलं की तपकिरी शेवाळातला अल्जिनेट हा चिकट घटक कॅल्शियमशी धरून जेली होतो आणि फिल्टर, ड्रिपर, नोझल सगळं चोंदतं. फॉस्फरिक ॲसिडसोबतही साका पडतो. मोरचूद-चुन्याच्या बोर्डो मिश्रणात मिसळूच नका. आधी पारदर्शक बाटलीत १ लिटर पाण्यात सगळं त्याच प्रमाणात मिसळून ३० मिनिटं ठेवा. तंतू, गाठी किंवा गाळ दिसला तर वेगळ्या दिवशी फवारा. ड्रिपमधून दिल्यास नंतर १५ मिनिटं साधं पाणी सोडा.

एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडमध्ये कॅन ठेवू नका. घेताना कॅन फुगलेला असेल, झाकण उघडताच फुस्स आवाज येऊन आंबूस वास आला, तर आत आंबणं सुरू झालेलं असतं. पावती दाखवून बदलून घ्या.