बूच न काढता वाईन: कोराव्हिन चार महिने वापरून

दिवाळीला मेव्हणा आला तेव्हा हातात एक डबा ठेवला आणि म्हणाला, "दाजी, अर्धी बाटली वाया जाते म्हणून तुमचा जीव तुटतो ना, हे घ्या." आत कोराव्हिन होतं, म्हणजे बूच न काढता बाटलीतून वाईन काढायचं यंत्र. आता गुढीपाडवा झाला, म्हणजे यंत्र येऊन पाच महिने आणि वापरून चांगले चार महिने झाले, म्हणून लिहितोय. कोल्हापुरात हे वापरणारा दुसरा कोणी मला अजून भेटला नाही पण विचारणारे लई भेटतात.

अडचण साधी आहे. घरात वाईन घेणारा मी एकटाच, आणि ७५० मिलीच्या बाटलीत साधारण पाच ग्लास बसतात. चांगली रेड उघडली की दुसऱ्या दिवशी बरी लागते, तिसऱ्या दिवशी वास उतरलेला असतो आणि चौथ्या दिवशी तोंडात धरवत नाही. त्यामुळे भारीतली बाटली घ्यायची म्हटली की पाहुणे कधी येणार याची वाट बघत बसायचं आणि आमच्याकडचे पाहुणे आले तर ते काय वाईन पिणारे नव्हेत.

यंत्र दिसायला जाडजूड कॉर्क-ओपनरसारखं आहे पण काम एकदम उलटं करतं. बाटलीवर क्लॅम्प बसवायचा, दांडा खाली दाबायचा, आतली बारीक पोकळ सुई बुचातून आरपार जाते. मग बाटली तिरकी करून खटका दाबला की फुस्स आवाज येतो, यंत्रातल्या छोट्या कॅप्सूलमधला आर्गॉन गॅस आत जातो, आणि त्याच्या दाबाने वाईन सुईतून ग्लासात येते. हवा आत जातच नाही. सुई बाहेर काढली की खरं बूच स्वतःच्या लवचिकपणाने भोक मिटवून घेतं. पहिल्यांदा मी सुई काढल्यावर बुचावर एक बारका लाल थेंब दिसला, तो अंगठ्याने पुसला आणि पाच मिनिटं तिथंच बघत बसलो, दुसरा थेंब आला नाही.

माझं उद्यमनगरात फॅब्रिकेशनचं काम आहे, दुधाच्या स्टीलच्या टाक्या करतो, त्यामुळे आर्गॉन म्हटल्यावर मला वेगळं समजावून सांगावं लागलं नाही. टिग वेल्डिंगला आम्ही तोच गॅस मारतो. तापलेल्या स्टीलला हवेतला ऑक्सिजन लागला की जोड काळा पडतो, म्हणून आर्गॉनचं पांघरूण घालायचं. तो कशाशीच रिअ‍ॅक्शन करत नाही आणि हवेपेक्षा जड असल्यामुळे खाली बसून राहतो. वीस वर्षं जे जोडावर बघतोय तेच बाटलीत चाललंय हे कळल्यावर मला जो आनंद झाला तो काय सांगू! हे शोधणारा ग्रेग लॅम्ब्रेक्ट हा अमेरिकन माणूस मुळात वैद्यकीय उपकरणांतला, सुया त्याच्या ओळखीच्या. बायको गरोदर असल्यामुळे पिणारा तो एकटा राहिला आणि एका ग्लाससाठी अख्खी बाटली उघडायची पाळी आली, तिथून त्याचं डोकं चाललं. बाजारात आलं २०१३ ला. एक मात्र हात जोडून सांगतो, वर्कशॉपच्या सिलेंडरवरून गॅस भरायच्या फंदात कोणी पडू नका. तो गॅस खाण्यापिण्यासाठी भरलेला नसतो आणि दाबाचा खेळ काचेशी आहे. २०१४ ला काही बाटल्या फुटल्याच्या तक्रारी आल्या होत्या, तेव्हा कंपनीने विक्री थांबवली आणि बाटलीला घालायचं जॅकेट दिलं. बाटलीला कुठं तडा किंवा टवका असेल तर सुई लावायचीच नाही.

आता खरी परीक्षा. अकलूजच्या फ्रातेलीची सेत्ते माझी आवडती, सांजोव्हेजे आणि काबर्ने सोव्हिन्यों ही दोन द्राक्षं मिळून केलेली रेड. आपल्या जवळच्या सोलापूर जिल्ह्यात इतकी चांगली वाईन होते याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. एकाच वर्षाच्या दोन बाटल्या घेतल्या. एकीला दिवाळीनंतर सुई लावून दोन ग्लास काढले, दुसरी तशीच ठेवली. पाडव्याला दोन मित्र जेवायला होते, त्यांना न सांगता दोन्हीतली वाईन सारख्या ग्लासात ओतून पुढे ठेवली. एकजण दोनदा वास घेऊन म्हणाला, "भावा, दोन्ही एकच हायत की." दुसऱ्याला एकीचा वास जरा मोकळा वाटला, आणि ती निघाली सुई लावलेली! मला स्वतःला शेवटाला किंचित फरक जाणवला पण कोणती कुठली हे माहीत असल्यामुळे माझं मत धरू नका.

जेवणाचंही सांगून टाकतो, तांबड्या रश्शाबरोबर रेड घेऊ नका. तिखटावर टॅनिन (रेडमधला तुरटपणा) आणि अल्कोहोल दोन्ही जास्त जाळतात, रश्शाची चव पण जाते आणि वाईनची पण. सेत्ते सुक्क्या मटणाबरोबर घ्या. रश्शाला थोडी गोडसर शेनिन ब्लां ही व्हाइट वाईन थंड करून बरी जाते.

पण यंत्र कितीही चांगलं असलं तरी बाटली तुमच्या हातात येईपर्यंत काय भोगून आलीय ते त्याच्या हातात नाही. गावातल्या एका दुकानातून मी एक महागातली बाटली घेतली होती, काचेच्या शोकेसमध्ये ट्यूबलाईटखाली उभी, वर दुपारचं ऊन. घरी येऊन फॉइल काढलं तर बूच दोन मिलिमीटर वर आलेलं. उष्णतेनं आतली वाईन फुगून बूच ढकलते, असं दिसलं की समजायचं बाटली शिजलीय. सुई लावून बघितली, उकडलेल्या मनुक्यासारखा वास. मालकांना सांगितलं तर म्हणाले, "साहेब, वाईन जितकी जुनी तितकी चांगली." वाईट वाटलं मला, कारण ते मनापासून बोलत होते. वाईनला १२-१४ डिग्री आणि अंधार लागतो, आपल्याकडं एप्रिलच्या दुपारी माझ्या माडीवर ३६ असतं. मी बाटल्यांपाशी एक छोटा डिजिटल लॉगर ठेवलाय, दर तासाचं तापमान मोबाईलवर दिसतं. तो ठेवल्यावरच कळलं की जिन्याखालची जागा माडीपेक्षा सहा डिग्रीनं थंड आहे.

मोठ्या बाजारात पण हाच प्रश्न आहे, फक्त आकडे वेगळे. २०१८ ला न्यूयॉर्कच्या लिलावात फ्रान्सच्या रोमाने-कोंतीची १९४५ ची एक बाटली ५,५८,००० डॉलरला गेली. लंडनच्या लिव-एक्स या वाईनच्या बाजारावर २००० सालापासून व्यापारी स्क्रीनवर अशा वाईनचे सौदे करतात, पुष्कळदा पेटी गोदामातून हलतही नाही, मालक तेवढा बदलतो. मग बाटली खरी आहे का आणि नीट ठेवली होती का, यावरच सगळी किंमत. रुडी कुर्नियावान नावाच्या माणसानं घरच्या स्वयंपाकघरात भेसळ करून, जुनी लेबलं चिकटवून कोट्यवधींची वाईन खपवली. फ्रान्समधल्या बरगंडीच्या पोन्सो घराण्याची १९४५ ते १९७१ ची क्लो सां-दनी नावाची वाईन त्यानं लिलावात ठेवली आणि घराणं ती वाईन करायलाच लागलं १९८२ ला! घराण्याचा मालक स्वतः न्यूयॉर्कला त्या लिलावात जाऊन उभा राहिला. २०१४ ला रुडीला दहा वर्षांची शिक्षा झाली. आता बाटलीवर एनएफसी चिप येतात, मोबाईल टेकवला की बाटलीची कुंडली दिसते, कोणी ब्लॉकचेनवर, म्हणजे मागून सहजासहजी बदलता न येणाऱ्या डिजिटल वहीत, नोंद ठेवतं. चिप बुचावरच्या फॉइलला जोडलेली असावी असं मला वाटतं, कारण ज्या वाटेनं मी वाईन बाहेर काढतो त्याच वाटेनं कोणी दुसरं काही आत भरलं तर? सुई वापरायला लागल्यापासून हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. आपल्याकडं एवढी महाग बाटली कोण घेत नाही, पण बाटली गोदामात किती तापली होती हे दुकानात मोबाईलवर बघायला मिळालं तर त्याला मी वरचे पैसे द्यायला तयार आहे.

घ्यायचं का? महिन्यात दोन-तीन ग्लास निवांत आणि चांगले घेणारा असाल तर जरूर घ्या. यंत्र शंभर डॉलरच्या वरच जातं आणि कॅप्सूलचा खर्च वेगळा, एका कॅप्सूलमध्ये कंपनी पंधरा ग्लास सांगते, मला अकरा-बारा मिळाले कारण सुरुवातीला मी खटका जास्त वेळ दाबायचो. नुसता टिचकीसारखा दाबायचा. कॅप्सूल दाबाखालच्या असल्यामुळे विमानात आणू देत नाहीत, मेव्हण्यानं नुसतं यंत्र आणलं आणि कॅप्सूल मला ऑनलाईन मागवायला लागल्या, तीन आठवडे गेले. प्लास्टिकच्या बुचाला चालत नाही, ते भोक मिटत नाही. सुलाच्या बऱ्याच बाटल्यांना स्क्रू कॅप असते, तिथं कंपनीचं वेगळं झाकण घ्यावं लागतं. स्पार्कलिंगला तर हे यंत्रच नव्हे, त्याचं वेगळं येतं. आणि प्रत्येक वेळी वापरून झालं की सुईतून कोमट पाणी सोडा, मी एकदा विसरलो तर दुसऱ्या दिवशी आत साका धरला होता आणि वाईन थेंबथेंब यायला लागली, बारीक तारेनं अर्धा तास साफ करत बसलो.